१९३० साल कुणाच्या कामाचं?



गेल्या महिन्यात स्टेन्सिलं कापून आम्ही माधवनगरला गेलो. आपल्या अंकाचं छपाईचं मशीन तिथं एका खोलीत आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. खोली बंद पडलेल्या गिरणीतल्या जुन्या कामगारांची. कागद ते लावतात, हँडल आम्ही फिरवतो, शाई सगळ्यांच्याच हाताला लागते. छापता छापता वनहक्काच्या दाव्यांचं बोलणं निघालं. आपल्या खोऱ्यातले कितीतरी दावे "पुरावा नाही" एवढाच शेरा मारून परत आले, असं आम्ही सांगत होतो. तेव्हा एक म्हातारे कामगार म्हणाले, "गिरणी बंद पडली तवा ज्याच्याकडं हजेरीचं कार्ड होतं, त्याला देणं मागता आलं. ज्याचं कार्ड हरवलं, त्यानं वीस वर्सं काम करूनबी तो कामगारच न्हवता, असं ठरलं. तुमच्याकडं कार्ड काय हाय?"

आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. कराडला येईपर्यंत पॅसेंजरमध्ये तेच बोलत आलो. आता उत्तर सापडलंय, म्हणून हे लिहितो आहोत. आपलं कार्ड १९३० सालीच निघालेलं आहे. ते आपण कधी मागून घेतलं नाही, एवढंच.

हे नीट कळायला आधी कायदा काय म्हणतो ते बघू. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. आदिवासी असेल तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तो जंगलात राहतो, जंगलावर जगतो आणि जमीन कसतो, एवढं दाखवायचं. पण जो आदिवासी नाही, म्हणजे आपला गवळी धनगर, जंगलातला कुणबी, मातंग, बौद्ध समाजातला भाऊ, त्याला तीन पिढ्या दाखवायच्या आहेत. पिढी म्हणजे पंचवीस वर्षं. तीन पिढ्या म्हणजे पंच्याहत्तर. बोटांवर मोजा: २००५ मधून पंच्याहत्तर वजा केले की १९३० साल येतं. डिसेंबर १९३०.

आता आपल्या खोऱ्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, १९३० साली काय झालं होतं? साल त्याला सांगता यायचं नाही. पण "जंगलाची लढाई झाली, गोळी चालली" असं म्हणून तो सांगायला लागेल.

त्या वर्षी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. आपल्याकडं समुद्र नाही, मीठ कुठून काढणार? पण आपल्याकडं जंगल होतं आणि जंगलाचा कायदा मिठापेक्षा जास्त टोचत होता. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं रानं राखीव केली आणि १९२७ च्या कायद्यानं ती गाठ आणखी आवळली. गवत कापलं तर गुन्हा, ढोरं शिरली तर गुन्हा, मोळी आणली तर गुन्हा, राब भाजायला फांद्या तोडल्या तर गुन्हा. म्हणून आपल्या लोकांनी मिठाऐवजी झाडाला हात घातला. शिराळ्याच्या बिळाशीत सागाचं झाड तोडून त्याच्या खांबावर तिरंगा चढवला. तो उतरवायला पोलीस आले तेव्हा बायका खांबाला धरून उभ्या राहिल्या. सप्टेंबरात तिथं गोळीबार झाला, माणसं पडली. कराडजवळच्या तांबव्यातही जंगल सत्याग्रह झाला. तिकडं कोकणात उरणच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर लोक जमले, तिथंही गोळी चालली. चिरनेरच्या हुतात्म्यांत एक नाव आहे नवश्या महादेव कातकरी.

हे नाव आमच्या वाचनात आलं तेव्हा आमच्यातले कातकरी पोरं-पोरी एकमेकांकडं बघत बसले. बारावीपर्यंत शाळा शिकलो. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात टिळक, गांधी, नेहरू, सुभाषबाबू सगळे पाठ केले. आपल्या आडनावाचा माणूस त्या लढ्यात मेला, हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला शाळेत कातकरी म्हणजे कोळशाची भट्टी लावणारा, उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारा, एवढंच ऐकायला मिळालं.

नुसत्या अभिमानासाठी हे सांगत नाही. अभिमानानं दावा मंजूर होत नाही. मुद्दा असा की, १९३० च्या पावसाळ्यात आपल्या डोंगरांत जे घडलं ते कायद्यात मागितलेल्या तारखेच्या आधी तीनच महिने घडलं. जंगल आमचं आहे, आम्ही त्याच्यावर जगतो, हे सांगायला लोक तेव्हा गोळीसमोर उभे राहिले. त्यांच्यावर खटले झाले, दंड झाले, शिक्षा झाल्या. म्हणजे आपल्या आजा-पणजाचं जंगलाशी काय नातं होतं, ते इंग्रज सरकारनंच लिहून ठेवलं. तेव्हा तो आरोप होता. आज तो पुरावा आहे.

आता कुणी म्हणेल, त्यानंतर तर स्वराज्य आलं, मग हा पुरावा पुन्हा कशाला मागतात? हाच खरा प्रश्न आहे, आणि इथंच आपण इतिहास आपल्या बाजूनं बघायला पाहिजे.

आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यानं १९४२ नंतर जे केलं ते देशात फार थोड्या ठिकाणी झालं. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी इथं प्रतिसरकार चालवलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. १९४३ पासून १९४६ पर्यंत शेकडो गावांत इंग्रजांच्या कचेरीपेक्षा त्याचा शब्द चालला. न्यायदान मंडळं बसली. वर्षानुवर्षं कोर्टात सडलेले तंटे गावातच मिटले. सावकाराला जाब विचारला गेला. हुंडा, मानपान टाळून साधी लग्नं लावली, त्याला गांधी लग्न म्हणत. तुफान सेना उभी राहिली. कुंडल, वाळवा ही गावं त्याची ठाणी झाली. नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही त्यातली माणसं. नाना पाटील पुढं लाल बावट्याखाली आले आणि १९५७ साली साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. गरिबाचं राज्य कसं दिसतं, याची तीन-चार वर्षांची झलक आपल्या मातीत लोकांनी बघितली आहे.

मग १९४७ आलं. गोरा साहेब गेला. पण कचेरीतलं कायद्याचं पुस्तक तेच राहिलं. ज्या १९२७ च्या जंगल कायद्याविरुद्ध बिळाशीच्या बायका उभ्या राहिल्या, तोच कायदा आजही गार्डच्या खिशात आहे. फरक एवढाच पडला की, पूर्वी कायदा मोडणाऱ्याला सत्याग्रही म्हणत, आता अतिक्रमणवाला म्हणतात. बिळाशीला दरवर्षी सत्याग्रहींना हार घातले जातात, आणि त्याच तालुक्यात डोंगरावरच्या बाईची मोळी आणि कोयता जप्त होतो. ज्यानं हार घातला त्याला ह्या दोन गोष्टी एकच आहेत, हे दिसत नाही.

त्यावर आणखी बोजे आले. कोयनेचं धरण झालं, गावं उठली. वारणेवर चांदोलीचं धरण झालं, गावं उठली. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. १९८५ साली कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं. जानेवारी २०१० मध्ये ह्या दोन्हींचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघाशी आपलं भांडण नाही. वाघोबाला नारळ आपणच फोडतो. पण दरवेळी जंगल वाचवायचं म्हटलं की माणूस उठवायचा, आणि उठवायचा तो डोंगरावरचाच, हा कुठला न्याय?

२००६ च्या कायद्यानं एक गोष्ट मात्र कबूल केली. त्याच्या सुरवातीलाच सरकारनं लिहिलं आहे की, जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. ऐतिहासिक हा शब्द आपण नाही घातला, दिल्लीनं घातला. मग त्या इतिहासाचा पुरावा मागताना फक्त तलाठ्याचा कागद कसा चालेल? ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडं कागद नसतो, हीच तर अन्यायाची खूण आहे.

आता आमच्या मनात जे आहे ते स्पष्ट लिहितो. काही पाड्यांवर आपल्याच आदिवासी भावांनी आम्हाला सांगितलं, "आपल्याला पंच्याहत्तर वर्सं लागत न्हाईत. आपलं होतंय तर होऊ द्या. धनगराचं, कुणब्याचं त्यांचं ते बघतील. आपल्या अडचणीत ते कधी आले?" हे बोलणं खोटं नाही. शेजारच्या गावानं आपल्याला चोर म्हटलंय. पाणवठ्यावर थांबवलंय. पत्री सरकारचा न्यायही सगळ्या पाड्यांपर्यंत पोचला नाही. पारधी, रामोशी, बेरड अशा जमातींवर इंग्रजांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का माणसांच्या मनातून अजून गेलेला नाही. ही दुखणी आम्ही विसरत नाही आणि तुम्हीही विसरू नका.

पण दावा वेगळा करून आपलं भागेल का, याचा विचार करा. पट्टा एकट्याचा मिळतो. हिरडा, शिकेकाई, गवत, चराई, पाणवठा, देवाचं रान, हे एकट्याचं नसतं. ते सामूहिक हक्कात येतं आणि तो दावा अख्ख्या गावाचा असतो. वर धनगरवाडा उठला तर त्याची चराई बंद होईल, आणि कुंपण आपल्या पाड्याच्या तोंडाशी येईल. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत २००८ च्या नियमानं ग्रामसभेला दोनतृतीयांश माणसं हजर लागत होती. ती आपण एकट्यानं कुठून आणली असती? कायद्यानं आपल्यात रेघ ओढली आहे: हा आदिवासी, हा बिगर आदिवासी. फॉरेस्टवाले त्या रेघेवर पाय देऊन उभे आहेत. एका बाजूला सांगतात, "तुमचं करतो, त्यांच्यात पडू नका." दुसऱ्या बाजूला सांगतात, "तुमचं आदिवासींनी खाल्लं." १९३० साली ही रेघ नव्हती. चिरनेरच्या हुतात्म्यांची नावं वाचा: कातकरी आहे, कोळी आहे, पाटील आहे, म्हात्रे आहे. गोळीनं जात विचारली नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की, १९३० साल हे फक्त बिगर आदिवासींच्या गरजेचं नाही. ते आपल्या सगळ्यांचं आहे. शेजाऱ्याचा पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा गोळा करायला आपण मदत केली, तर उद्या आपल्या पाड्याच्या सामूहिक दाव्यावर तो अंगठा देईल. नाही केली, तर दोघंही वेगवेगळे उठवले जाऊ.

थोडं आपल्याच चळवळीबद्दलही. शिबिरांत आम्हाला रशियाची क्रांती शिकवली, चीनची शिकवली, व्हिएतनाम शिकवला. ते शिकायलाच पाहिजे, जगात गरीब कुठं कुठं उभा राहिला ते कळायला पाहिजे. पण घरी चुलीपाशी बसलेल्या आजीला, तिच्या बापाला रानात कुणी मारलं, ते आम्ही विचारलं नाही. ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारली लोकांनी वेठबिगार मोडली. ती लढाई आज सगळ्यांना माहीत आहे, कारण गोदावरी परुळेकरांनी ती 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहून ठेवली. आपल्या डोंगरांतलं फारसं कुणी लिहिलं नाही. लिहिणारा बाहेरून यायची वाट किती बघायची? आपल्यात आता दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी आहेत.

तेव्हा दिवाळीच्या आत प्रत्येक गावात, वाडीत, पाड्यावर ही कामं करायची.

पहिलं काम म्हाताऱ्यांचे जबाब. नियमात स्पष्ट आहे की, दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्ध माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तो पुरावा आहे. पण लिहून घेतलेलं पाहिजे. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडं जा. त्यांना साल विचारू नका, ते गोंधळतात. "गोळी चालली तेव्हा तुमचा बाप केवढा होता? तुमची आई कुठं राहत होती? पहिली झोपडी कुठं होती? कोयनेचं धरण व्हायच्या आधी की नंतर?" असं विचारा. जसं बोलतील तसं लिहा, शुद्ध करू नका. वाचून दाखवा, मग अंगठा घ्या, खाली दोन साक्षीदार घ्या. आजींना जरूर विचारा. बापये जमिनीची हद्द सांगतात, पण पाणी, मोळी, कंद, बाळंतपण कुठं झालं, ते आजीच सांगते.

दुसरं काम, रानात फिरून खुणा लिहायच्या. जुन्या घराचा चौथरा, पडकी विहीर, बांध, मसणवट, म्हसोबाचा धोंडा, लावलेला फणस आणि आंबा. जुनी घरं, विहिरी, मसणवट, देवाची ठिकाणं ह्याही नियमात पुरावा म्हणून लिहिलेल्या आहेत. वनहक्क समितीनं गावाला सोबत घेऊन हा पंचनामा करावा. समितीत एकतृतीयांश बाया पाहिजेत. नावापुरत्या नको, रानात चालणाऱ्या पाहिजेत.

तिसरं काम कागदांचं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत, आढ्याला बांधलेल्या गाठोड्यात शोधा. फॉरेस्टच्या दंडाची पावती मिळाली तर ती फेकू नका. लाज वाटायचं कारण नाही. त्या तारखेला तुम्ही त्या रानात होता हे खात्यानंच सही करून दिलं आहे. घरपट्टी, रेशनकार्ड, मतदार यादी ठेवा. एक लक्षात घ्या, १९३० साली सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं तेव्हाच्या खटल्यांचे, दंडाचे कागद शोधताना साताऱ्यालाही विचारावं लागेल. शाहूवाडीकडची गावं तेव्हा कोल्हापूर संस्थानात होती. संस्थानांचे जुने कागदही पुरावा म्हणून चालतात. गाव मोठा असेल तर दोन पोरं ह्याच कामाला ठेवा. भाड्याचे पैसे संघटनेच्या पेटीतून देऊ.

दाव्याला किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. म्हाताऱ्याचा जबाब आणि रानातली खूण, असे दोन झाले तरी दावा उभा राहतो. "सातबारा आणा" म्हणून कुणी परत पाठवलं तर लेखी मागा. ग्रामसभेच्या निर्णयावर किंवा उपविभागीय समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत वर दाद मागता येते. आणि दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या नावानं कुणी पाड्यावर येऊन कागदावर अंगठा मागितला, तर ग्रामसभा बोलवा. एकट्यानं अंगठा देऊ नका.

घाई करा असं का म्हणतो, तेही सांगतो. मागच्या पावसाळ्यात वरच्या एका वाडीत आम्ही जबाब घ्यायला निघालो होतो. ओढ्याला पूर आला, परत फिरलो. म्हटलं, आठ दिवसांनी जाऊ. आठ दिवसांनी गेलो तर त्या घरात दहावं चाललं होतं. आजोबा गेले होते. त्यांच्या लहानपणी घरात पोलीस शिरले होते, एवढंच त्यांच्या सुनेला माहीत होतं. का शिरले होते, बाप कुठं होता, शिक्षा किती झाली, ते सगळं आजोबांबरोबर गेलं. त्या घराचा दावा "तीन पिढ्यांचा पुरावा नाही" म्हणून परत आला आहे. ही चूक फॉरेस्टवाल्यांची नाही, आमची आहे. आठ दिवस आम्ही घालवले.

पुढच्या अंकात जबाबांसाठी चार पानं रिकामी ठेवली आहेत. प्रत्येक गावानं निदान एक जबाब पाठवावा. वहीच्या कागदावर चालेल, पेन्सिलनं लिहिलेला चालेल. स्टेन्सिल आम्ही कापू, हँडल आम्ही फिरवू. माधवनगरच्या त्या कामगारांना आम्ही शब्द देऊन आलोय की, पुढच्या वेळी येताना आमचं कार्ड घेऊन येऊ.

जमीन कसणाऱ्याची, जंगल जगवणाऱ्याचं!
जिंदाबाद!

— संपादक मंडळ
सप्टेंबर २०१०